विषम वर्षाचा गव्हर्नर

नोव्हेंबर २०२५ मध्ये आमच्या न्यू जर्सीत गव्हर्नरपदाची निवडणूक झाली, तेव्हा महाराष्ट्रातील नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला होता: अध्यक्षांची निवडणूक गेल्याच वर्षी झाली, मग आता पुन्हा मतदान कसले?

इथल्या गव्हर्नरला कोणी नेमत नाही. त्याला लोक थेट मतांनी निवडून देतात आणि राज्याचा कारभार तोच चालवतो, त्यामुळे तुलना करायचीच तर ती आपल्या मुख्यमंत्र्यांशी करावी लागेल. मात्र त्याचे पद विधिमंडळातील बहुमतावर अवलंबून नसल्याने सरकार मध्येच कोसळून मुदतपूर्व निवडणूक लागण्याचा प्रश्न येत नाही. बहुतेक राज्यांत ही मुदत चार वर्षांची आहे. व्हरमाँट आणि न्यू हॅम्पशायर तेवढी अजूनही दर दोन वर्षांनी गव्हर्नर निवडतात.

खरी गंमत आहे ती वेळापत्रकात. पन्नासपैकी ३६ राज्ये अध्यक्षांच्या कारकिर्दीच्या मध्यावर, म्हणजे २०२२ किंवा २०२६ सारख्या वर्षी, गव्हर्नर निवडतात. केंटकी, लुइझियाना आणि मिसिसिपी अध्यक्षीय निवडणुकीच्या आदल्या वर्षी मतदान करतात, तर न्यू जर्सी आणि व्हर्जिनिया तिच्या पुढच्या वर्षी. न्यू जर्सीत पूर्वी गव्हर्नरची मुदत तीन वर्षांची होती. १९४७ च्या नव्या राज्यघटनेने ती चार वर्षांची केली आणि १९४९ पासून निवडणुका विषम वर्षी घेण्याचे ठरले, जेणेकरून राज्याचे प्रश्न राष्ट्रीय प्रचाराच्या गदारोळात वाहून जाऊ नयेत. इलिनॉयने तर वेळापत्रक बदलण्यासाठी १९७६ मध्ये जेम्स थॉम्प्सन यांना केवळ दोन वर्षांसाठी निवडले आणि १९७८ मध्ये पुन्हा मतदान घेतले.

हेतू चांगला असला तरी त्याची किंमत मोजावी लागते. न्यू जर्सीत २०२० मध्ये सुमारे ७२ टक्के नोंदणीकृत मतदारांनी मतदान केले होते. पुढच्याच वर्षी गव्हर्नरसाठी जेमतेम ४० टक्के बाहेर पडले. शिवाय राष्ट्रीय राजकारण दाराबाहेर थांबत नाही ते नाहीच. २०२५ मध्ये घरपोच आलेल्या नमुना मतपत्रिकेवर गव्हर्नर, लेफ्टनंट गव्हर्नर आणि राज्याच्या असेंब्लीचे उमेदवार होते, प्रचारात विजेची वाढलेली बिले आणि मालमत्ता कर गाजत होते, पण डेमोक्रॅटिक पक्षाच्या मिकी शेरिल जिंकताच साऱ्या वाहिन्यांवर चर्चा सुरू झाली ती ट्रम्प यांच्याविरुद्धच्या कौलाची. त्याच दिवशी व्हर्जिनियात ॲबिगेल स्पॅनबर्गर निवडून आल्या. तिथे तर गव्हर्नरला लागोपाठ दुसऱ्यांदा उभेच राहता येत नाही. आमच्याकडे सलग दोन मुदतींची मुभा आहे.

महाराष्ट्राने २०२४ मध्ये उन्हाळ्यात लोकसभेसाठी आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभेसाठी मतदान केले, आणि त्याच वर्षाअखेरीस एकत्र निवडणुकांसाठीचे घटनादुरुस्ती विधेयक संसदेत मांडले गेले. तिकडे खर्च आणि आचारसंहितेचा खोळंबा टाळण्यासाठी निवडणुका जोडण्याचा आग्रह आहे, तर इथे त्या मुद्दाम तोडल्या आहेत. मला स्वतःला तोडणेच पटते, कारण रस्ते, शाळा आणि कर यांचा जाब विचारायला वेगळा दिवस असलेला बरा. कमी मतदानाचा दोष मात्र मी नाकारणार नाही.

३ नोव्हेंबर २०२६ रोजी ३६ राज्ये गव्हर्नर निवडतील. त्या यादीत आम्ही नाही. आमची पाळी थेट २०२९ मध्ये.