साताऱ्याचंच ना?

"साताऱ्याचंच ना तुम्ही? मग पाव्हण्यागत काय करताय?"

ठोसेघरच्या अलीकडे, भर पावसात, पान्यावर पाय देऊन माझ्या गाडीचे नट सैल करता करता त्या जीपवाल्या काकांनी विचारलं. मी छत्री धरून उभा. (छत्री त्यांच्यावर कमी, माझ्यावर जास्त. हे आत्ता आठवतंय.)

टायर पंक्चर, स्टेपनीत हवा नाही. धाकटीला वळणांवर दोनदा उलटी. उशीर झाल्यानं सज्जनगडावरचा प्रसाद चुकला, म्हणून आई गप्प. आणि मी काकांना आमचा बेत सांगत होतो: ठोसेघर, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या, मग परत साताऱ्यात उतरून यवतेश्वरच्या घाटानं कास, जमलं तर भांबवलीचा वजराई धबधबा. एका रविवारात!

काकांनी चाक जीपमध्ये टाकून नेलं, तासाभरानं पंक्चर काढून आणलं. पैसे घेईनात. शेवटी कंदी पेढ्यांचा पुडा घेतला, तोही नातवासाठी म्हणून.

ठोसेघरच्या धबधब्यापाशी पोचलो तर गॅलरीसमोर नुसतं पांढरं धुकं. दिसत काहीच नाही, फक्त आवाज. आईनं कठडा धरला, डोळे मिटले आणि पाच मिनिटं तशीच उभी राहिली.

"तुझ्या बाबांबरोबर आले होते तेव्हा ही गॅलरी नव्हती."

मला हे माहीतच नव्हतं. घरापासून जेमतेम २५ किलोमीटर, आणि मी तिला इथं पहिल्यांदाच आणत होतो.

कास राहिलं, वजराई राहिला. पुढच्या रविवारी परत जायचं म्हणतोय. फक्त ठोसेघर. स्टेपनीत हवा भरून.