सगळेच 411030

सदाशिव पेठेतील एका जुन्या वाचनालयाची सभासदवही संगणकावर आणून देण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले, आणि पहिल्याच संध्याकाळी पडद्यावर उमटलेल्या यादीत सभासदाचे नाव 411030, पत्ता 411030 आणि पिनकोडही 411030 निघाला. पेठेत माणूस पत्त्यावरून ओळखला जातो हे खरे. पण नावाच्या जागीही पिनकोड यावा, हे पेठेच्या अभिमानालाही जरा जास्तच झाले.

ज्या संगणकभाषेत मी हे लिहीत होतो त्या पीएचपीने एरर म्हणून काहीच दाखवले नव्हते. डेटाबेसला द्यायची आज्ञा, म्हणजे क्वेरी, मी पीएचपीला डेटाबेसशी जोडणाऱ्या पीडीओने रीतसर प्रिपेअर केली होती. सांगाडा वेगळा आणि माहिती वेगळी, म्हणजे एखाद्या आडनावातील अवतरणचिन्हाने ती मोडायची भीती नाही. क्वेरीत माहितीसाठी राखलेल्या जागेभोवतीच, म्हणजे प्लेसहोल्डरभोवतीच, अवतरणचिन्हे घालण्याची माझी जुनी खोड आहे, त्यामुळे आधी तीच तपासली. ती नव्हती. एकेक रकाना घेत फिरणाऱ्या फॉरईच या लूपच्या आत, तिथे काय आहे ते दाखवणारे व्हार-डंप लावून पाहिले, तर प्रत्येक फेरीत नाव नावाच्या आणि पत्ता पत्त्याच्या जागी बिनचूक दिसत होता.

चहा निवून गेल्यावर उलगडा झाला. प्लेसहोल्डरला माहिती जोडणारे बाइंडपॅरम हे फंक्शन व्हेरिएबलमधील किंमत उचलत नाही, तर त्या व्हेरिएबललाच रेफरन्सने बांधून ठेवते आणि आत काय आहे ते क्वेरी चालवण्याच्या, म्हणजे एक्झिक्यूटच्या, क्षणी पाहते. माझ्या लूपमध्ये व्हेरिएबलची ही खोली एकच होती. नाव येऊन गेले, पत्ता येऊन गेला, शेवटी पिनकोड राहायला आला, आणि एक्झिक्यूटने तिन्ही प्लेसहोल्डरांसाठी त्याच खोलीचे दार ठोठावल्यावर तिन्ही वेळा बाहेर आला तो पिनकोडच. बाइंडपॅरमच्या जागी बाइंडव्हॅल्यू लिहिताच, म्हणजे त्या क्षणीची किंमतच हवाली करताच, माणसांना त्यांची नावे परत मिळाली.

अशा चुकांत मी नवखा नाही. पूर्वी मायएसक्यूएलआय या पीडीओसारख्याच दुसऱ्या सोयीत दूरध्वनी क्रमांकाच्या प्रकारापुढे मजकुराच्या 'एस'ऐवजी पूर्णांकाचा 'आय' लिहून मी पुण्याच्या 020 मधला पहिला शून्य पूर्णांकाच्या हिशेबात घालवून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपालबाईंनी चष्मा सावरून छापील यादी वाचली आणि एका नावावर बोट ठेवले. हे गृहस्थ कोथरूडला राहायला जाऊन कित्येक वर्षे झाली, तरी यांच्यापुढे 411030 कसे, असे त्यांनी विचारले. माझा जीव पुन्हा खालीवर झाला. मी मूळ अर्ज काढून पाहिला, तर त्यावर पत्ता कोथरूडचा आणि पिनकोड मात्र त्यांनी स्वतःच्या अक्षरात पेठेचाच लिहिला होता.