न दुखणारी गाठ

ती दुखत नाही, हेच मला सर्वांत जास्त खटकते आहे. डाव्या गालाच्या आत, दाढेच्या रेषेत ती मुकाट बसून आहे आणि जीभ सारखी तिथेच जाते. कालच्यापेक्षा वाढली का, कडक झाली का, याचा अंदाज जीभच घेत बसते. आणि जिभेला सगळेच आहे त्याहून मोठे भासते.

आज दातांच्या डॉक्टरांनी एक बोट आतून व एक गालावर बाहेरून ठेवून ती चाचपली, मानेत कुठे काही लागते का ते पाहिले, जिभेच्या दोन्ही कडा आणि जिभेखालचा भाग निरखला, आणि म्हणाले, "घाबरण्यासारखे वाटत नाही, पण तोंडाच्या सर्जनांना एकदा दाखवून घ्या." घरी पोचेपर्यंत या वाक्याचा उत्तरार्ध तेवढा माझ्यापाशी उरला होता.

गाल वारंवार चावला गेला की अशी तंतुमय गाठ होते, किंवा लाळेची बारीक नळी फुटून फुगवटा येतो, हे त्यांनी नीट समजावले. मात्र तीन आठवड्यांत न जिरणारी गाठ, न भरणारी जखम किंवा न पुसला जाणारा पांढरा-लाल चट्टा नुसत्या नजरेवर सोडायचा नसतो; तुकडा तपासल्याशिवाय खात्री देता येत नाही. न दुखणे म्हणजे निर्धोक असणे नव्हे, हेही त्यांनी सांगितले, कारण मी विचारले.

तंबाखू-सुपारीला मी कधी शिवले नाही, मग माझ्याच वाट्याला हे का, असे दुपारभर मनात घोळत राहिले. रडूही आले. आईच्या वेळी ताईने जे पाहिले, त्यानंतर तिच्यापुढे 'गाठ' हा शब्द उच्चारायचा म्हणजे... ते असो.

संध्याकाळी सर्जनांना विचारायचे प्रश्न लिहायला घेतले. तुकडा काढणार की अख्खी गाठच? टाके पडतील का? अहवाल किती दिवसांनी येतो? दाढेची टोचणारी धार आत्ताच घासून घ्यावी का? लिहिता लिहिता हात स्थिर झाला. 'मलाच का' हा प्रश्न कागदावर घेतला नाही. त्याचे उत्तर त्यांच्यापाशीही नसणार.

गुरुवारची वेळ मिळाली आहे. ताईला अहवाल आल्यावरच सांगावे असे ठरवले होते, पण आता वाटते की उद्याच सांगावे. गाल बधिर केल्यावर घरी परतताना सोबत कोणीतरी हवे, आणि ती मला तिचीच हवी आहे.