किलफिनीची गढी आणि नुकसानीची यादी

आयर्लंडमधल्या एका विद्यापीठात मी सतराव्या शतकाचा इतिहास शिकवते. 1641 च्या बंडावरचा अभ्यासक्रम माझ्याकडे असतो आणि त्यातली एक तासिका मी जमीनदारांच्या नुकसानीसाठी आणि त्यांनी केलेल्या सशस्त्र प्रतिकारासाठी राखून ठेवते. अशाच एका तासाविषयी मी लिहिते आहे. त्या दिवशी विद्यार्थ्यांनी विचारलेल्या दोन प्रश्नांमुळे हा विषय शिकवण्याची माझी पद्धत कायमची बदलली.

22 ऑक्टोबर 1641 च्या रात्री अल्स्टर प्रांतात सर फेलिम ओनील यांच्या नेतृत्वाखाली कॅथलिक जमीनदारांनी उठाव केला. डब्लिनचा किल्ला घेण्याचा बेत त्याच संध्याकाळी फुटला, तरी उठाव विझला नाही आणि हिवाळा संपण्याच्या आत तो दक्षिणेला मन्स्टरपर्यंत पोहोचला. इंग्लंडमधून येऊन वसलेले प्रोटेस्टंट कुटुंबच्या कुटुंब घरदार सोडून डब्लिनकडे निघाले. त्यांच्या जबान्या शपथेवर नोंदवण्यासाठी डिसेंबरमध्ये किलमोरच्या चर्चचे डीन, म्हणजे प्रमुख धर्मगुरू, हेन्री जोन्स यांच्या हाताखाली आठ धर्मोपदेशकांचा आयोग नेमण्यात आला. सुमारे 8,000 जबान्यांचे ते 31 खंड 1741 पासून डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहेत आणि 2010 पासून ते संगणकावर कोणालाही वाचता येतात.

या जबान्यांचा साचा ठरलेला आहे. आधी नाव, गाव आणि सामाजिक दर्जा येतो, मग नुकसान: गाई, घोडे, मेंढ्या, कोठारातले धान्य, शेतात उभे असलेले पीक, घरातले सामान, बुडालेली येणी, हातची गेलेली भाडेपट्ट्याची जमीन, आणि प्रत्येकापुढे पौंडांतली किंमत. त्यानंतर लुटणाऱ्यांची नावे आणि कानांनी ऐकलेले त्यांचे शब्द येतात. पुरानंतरच्या पंचनाम्यात असतो तसा हा हिशेब कोरडा वाटतो, पण दहा-बारा जबान्या सलग वाचल्या की त्या कोरडेपणातून माणसे दिसू लागतात. हिवाळ्याच्या तोंडावर अंगावरचे कपडेही काढून घेऊन ज्यांना रस्त्यावर हाकलले, त्यांनी पुढे लिपिकासमोर बसून आपल्या गाई मोजल्या आहेत. हे दुःख खरे होते, आणि ते नाकारणारा इतिहास मला कधीच मान्य झालेला नाही.

त्या दिवशी मन्स्टरमधल्या लिमरिक काउंटीच्या (जिल्ह्याच्या) काही जबान्या वाचून झाल्यावर मी वर्गाला लेडी एलिझाबेथ डाउडल यांचे निवेदन दिले. त्यांची किलफिनीची गढी याच काउंटीत होती. कवयित्री लेडी ॲन साउथवेल या त्यांच्या आई. बंड पसरताच आपण गढीतल्या माणसांना कवायत शिकवण्यासाठी एक शिपाई पगारावर कसा ठेवला, शत्रूशी चकमकी कशा केल्या, हे त्यांनी 1642 मध्ये स्वतः लिहून काढले. त्या निवेदनात काकुळती कुठेही नाही. 1642 च्या जानेवारीत काउंटीचा हाय शेरीफ रिचर्ड स्टीफन्सन ढोल आणि पाइप वाजवत सैन्याच्या पुढे चालून आला, तेव्हा आपण त्याच्या डोक्यात गोळी घालून त्याला जगाचा निरोप घ्यायला लावला, असे त्या लिहितात. बंदूक कोणाच्या हातात होती याचा तपशील त्या देत नाहीत. गोळी आपण पाठवली, एवढेच सांगतात.

पुढे वेढा घालणाऱ्यांनी ‘डुकरिणी’ आणल्या. डुकरीण म्हणजे जाड लाकडाचे भक्कम छप्पर असलेला, ढकलत नेण्याचा सांगाडा. त्याच्या आडोशाने माणसे तटापर्यंत जातात आणि पाया खणू लागतात. मोठा जयघोष करत त्या डुकरिणी गढीला भिडल्या. पण आतून असा मारा झाला की गोळ्या लाकूड भेदून गेल्या, आतली माणसे मेली आणि त्या जयघोषाचा आक्रोश झाला. हे वर्णन वाचताना वर्ग अगदी तल्लीन झाला होता, आणि मला त्यात काही गैर वाटले नाही. ज्या काळात कायद्याच्या कागदांवर विवाहित स्त्रीला स्वतःची मालमत्तासुद्धा जवळजवळ नव्हती, त्या काळात एका बाईने महिनोन्‌महिने गढी लढवली, हे धैर्य निखळ आहे.

मग लिमरिकच्याच पश्चिम भागातल्या एका शेतकरी कुटुंबातल्या विद्यार्थिनीने विचारले, “शेरीफ तर राजाचा अधिकारी. तो गढीवर चालून येत असेल तर बंडखोर नक्की कोणाला म्हणायचे?”

प्रश्न अचूक होता. मन्स्टरच्या ज्या कॅथलिक घराण्यांनी शस्त्र उचलले, ती आपण राजासाठीच लढतो असे शपथेवर सांगत होती. त्याच वर्षी किलकेनीत उभ्या राहिलेल्या त्यांच्या महासंघाच्या ब्रीदवाक्यात देव, राजा आणि आयर्लंड असे तिघेही होते. लेडी डाउडल यांनाही आपण राजाचीच सेवा करतो याविषयी शंका नव्हती. गढीच्या आत आणि बाहेर एकाच राजाचे नाव घेणारे शेजारी होते, आणि एका शेजारणीच्या गोळीने दुसरा शेजारी पडला होता.

दुसरा प्रश्न मागच्या बाकावरून आला. “स्टीफन्सनच्या घरच्यांचे नुकसान कोणी लिहून घेतले?”

याचे उत्तर सरळ होते: कोणीही नाही. आयोगासमोर येणारे बहुतेक सगळे प्रोटेस्टंट होते, कारण आयोग त्यांच्यासाठीच होता. निर्वासितांना मदत मिळावी, भरपाईचा दावा उभा राहावा आणि गुन्हेगारांची नावे हाती यावीत, हे त्याचे काम होते. मार्च 1642 मध्ये, म्हणजे जबान्या घेणे चालू असतानाच, लंडनच्या पार्लमेंटने कायदा करून आयर्लंडमधली 25 लाख एकर जमीन कर्जाला तारण म्हणून लावली. सैन्याच्या खर्चासाठी पैसे देणाऱ्यांना बंडखोरांकडून जप्त होणारी जमीन मिळणार होती. याचा अर्थ लुटल्या गेलेल्या विधवेने आपल्या गाई खोट्या मोजल्या असा मुळीच होत नाही. पण तिची जबानी ज्या कपाटात जाऊन बसली, त्या कपाटाच्या मालकांना जमीन हवी होती. सर जॉन टेंपल यांनी 1646 मध्ये याच जबान्या वेचून जे पुस्तक छापले, त्याने सगळ्या आयरिश कॅथलिकांना खुनी ठरवले आणि पुढची शे-दीडशे वर्षे तेच चित्र इंग्लंडमध्ये चालले.

किलफिनीचा शेवटही मी त्याच तासात सांगितला. जून 1642 मध्ये लिमरिक शहरातला किंग जॉनचा किल्ला कॅथलिक सैन्याने भिंतीखाली भुयारे खणून घेतला. त्या भुयारांतली लाकडे उत्खननात मिळाली आहेत. किल्ल्यातल्या मोठ्या तोफा हाती आल्यावर आसपासच्या गढ्या एकामागून एक पडल्या. डुकरिणींना दाद न देणारी किलफिनीही तोफांपुढे टिकली नाही आणि जुलैअखेर लेडी डाउडल यांना ती सोडावी लागली.

त्यांचा जावई सर हार्ड्रेस वॉलर याचीही मालमत्ता बंडात गेली. तो राजाविरुद्ध लढणाऱ्या पार्लमेंटच्या सैन्यात शिरला, जानेवारी 1649 मध्ये त्याने चार्ल्स राजाच्या मृत्युदंडाच्या हुकुमावर सही केली आणि नंतर पार्लमेंटचा सेनापती क्रॉमवेल याच्या सैन्यातला अधिकारी म्हणून तो आयर्लंडला परतला. 1641 मध्ये आयर्लंडमधली सुमारे 59 टक्के जमीन कॅथलिकांकडे होती, ती 1688 मध्ये 22 टक्क्यांवर आली. ही घसरण जबान्यांमध्ये कुठेच सापडत नाही, कारण ती घडेपर्यंत जबान्यांचे काम संपलेले होते.

त्या दिवसापासून मी या तासाला तिसरा कागद जोडते: 1654 ते 1656 या काळात झालेल्या नागरी पाहणीतली लिमरिक काउंटीची पाने. 1640 मध्ये कोणती जमीन कोणाकडे होती, तिच्या सीमा काय, किती एकर, वार्षिक उत्पन्न किती, तिच्यावर गढी वा गिरणी होती का, हे जप्तीसाठी गावोगाव फिरून लिहिलेले आहे आणि मालकाच्या नावापुढे त्याचा धर्मही आहे. मालक स्वतः त्यात काही बोलत नाही. माझे विद्यार्थी आता डाउडलबाईंचे निवेदन वाचून झाले की ही पाने उघडतात आणि ज्यांची जबानी कोणी घेतली नाही त्या घराण्यांची शेते, कुरणे आणि पडक्या गढ्या शोधून नकाशावर मांडतात. तास संपला तरी हे काम संपत नाही, म्हणून पुढच्या आठवड्याची तासिकाही मी त्याच्यासाठी मोकळी ठेवते.