पहाटे चारची पिशवी

"सध्या हॉस्टेलमध्ये राहतेय," असं फोनवर सांगितलं की पलीकडे क्षणभर कुणी बोलत नाही. मग सावधपणे विचारणा होते, "म्हणजे काही कोर्स वगैरे चालू आहे का?" पन्नाशी उलटलेल्या बाईनं हॉस्टेलमध्ये राहावं, तेही आपखुशीनं, हे चटकन कुणाच्या पचनी पडत नाही. थोडा दोष शब्दाचाही आहे. हॉस्टेल म्हटलं की कॉलेजचं वसतिगृहच आठवतं. प्रवाशांच्या हॉस्टेलला आपण वेगळा शब्द दिलेलाच नाही, त्यामुळे दर वेळी सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागतं. एक मोठी खोली असते, तिला डॉर्म म्हणतात. तिच्यात सहा, आठ, कधी बारा पलंग, एकावर एक रचलेले, त्यांना बंक म्हणतात. आपण भाड्यानं घेतो तो त्यातला एक पलंग, खोली सगळ्यांची.

"अगं, पण मग रात्री?"

रात्रीचंच सांगायचंय. पण आधी पैशांचं.

महागड्या शहरातल्या हॉटेलचं भाडं मी नेहमी दोनदा वाचते. पहिल्यांदा वाटतं, आठवड्याचं असेल. नसतं. शहर महाग होतं ते जमिनीमुळे, आणि हॉटेलवाला आपल्याला जमीनच विकत असतो. पलंग, पलंगाभोवती फिरायला जागा, जिच्यावर कुणी बसत नाही फक्त कपडे टाकतात अशी एक खुर्ची, आणि आपल्या एकटीसाठी अख्खं न्हाणीघर, जे दिवसातले तेवीस तास रिकामंच असतं. हॉस्टेलवाला हिशेब वेगळा मांडतो. जमीन परवडत नाही ना, मग उंची विका! छताखालची जी हवा हॉटेलवाल्यानं नुसती सोडून दिलेली असते, तिच्यात हा आणखी एक माणूस झोपवतो. किशो कुरोकावा या जपानी वास्तुविशारदानं १९७९ साली ओसाका शहरात पहिलं कॅप्सूल हॉटेल उभं केलं, तेव्हा हा हिशेब त्यानं पार टोकाला नेला. एक माणूस आडवा मावेल एवढे कप्पे, एकावर एक. आत उठून बसता येतं, उभं राहता येत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण पैशांबद्दलची आहे, असं मी पहिल्यांदा बंकवर झोपेपर्यंत समजत होते.

डॉर्मच्या दरांत एक गंमत आहे. बारा जणींचं डॉर्म सगळ्यांत स्वस्त, आठ जणींचं थोडं महाग, चौघींचं आणखी महाग. पलंग तोच, गादी तीच, चादरही तीच. म्हणजे चौघींच्या डॉर्मसाठी मी जे जास्तीचे पैसे मोजते, ते त्या खोलीत नसलेल्या आठ बायकांचे असतात. त्या तिथे नाहीत याचं भाडं. एकदा हे लक्षात आल्यापासून मी मुकाट्यानं आठचं डॉर्म घेते.

बाकी किरकोळ गळती असतेच. टॉवेलचे वेगळे, लॉकरला कुलूप आपलं नसेल तर त्याचे वेगळे, कुठे चादरीचे, कुठे शहराचा पर्यटन कर. शुक्रवार-शनिवारी तोच पलंग अचानक चढ्या भावाचा होतो. स्वस्त म्हणून शहराच्या टोकाचं हॉस्टेल घ्यावं, तर वाचलेले पैसे रोज जाण्यायेण्यात जातात. हे सगळं माहीत असूनही दर वेळी मी टॉवेल विसरते.

या राहण्यातली खरी अवघड वेळ रात्रीची नाही, दुपारची. पलंग सोडायचा सकाळी दहा-अकराला आणि नव्या ठिकाणी पलंग मिळणार दुपारी दोन-तीनला. मधले चार तास आपण कुणाच्याच नसतो. बॅग कुठेतरी सामानाच्या खोलीत ठेवलेली, अंघोळ झालेली किंवा व्हायची, आणि समोर असं शहर, जिथे बसायलाही पैसे पडतात. काहीही न घेता बसता येईल अशा जागा कोणत्याही महागड्या शहरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्या शोधण्यात मी आता पटाईत झाले आहे. सार्वजनिक वाचनालय सर्वांत उत्तम. बागेतला बाक, पाऊस नसेल तर. रेल्वे स्टेशन, पण तिथे बाकांना मधोमध लोखंडी दांडे ठोकतात, कुणी आडवं होऊ नये म्हणून. मोठ्या दुकानाच्या चपलांच्या विभागात ठेवलेला मऊ बाकडाही चालतो. फक्त अधूनमधून एखादी चप्पल पायात घालून बघावी लागते. त्या चार तासांत शहर जेवढं दिसतं तेवढं तिकीट काढून पाहिलेल्या जागी दिसत नाही, असं मी इतरांना सांगते. प्रत्यक्षात मी घड्याळ बघत असते.

हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात मात्र माझा जीव रमतो. तिथल्या फ्रिजमध्ये प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी चिकटवलेली असते. नाव आणि निघायची तारीख. ज्या पिशवीची तारीख उलटली किंवा जिच्यावर नावच नाही, ती सफाईच्या दिवशी केराच्या डब्यात. शेजारी एक फळी असते, निघून गेलेल्यांनी मागे ठेवलेल्या वस्तूंची. अर्धी मिठाची पुडी, तळाशी चार बोटं उरलेली तेलाची बाटली, साखर. विमानात नेता येत नाही आणि टाकवत नाही, असं सगळं. बाहेर ज्या शहरात साधा पाण्याचा घोट घेताना खिसा चाचपावा लागतो, तिथे आत मी आठवडाभर अनोळखी माणसांचं मीठ खाते. खाल्ल्या मिठाला जागायचं, तर नेमकं कुणाला, हे मात्र कळत नाही.

आता रात्र.

घोरण्याबद्दल मी लिहिणार नाही. त्यावर पुष्कळ लिहून झालंय, आणि घोरणाऱ्याचा त्यात काही दोष नसतो. फोमच्या बोळ्यांनी बरंचसं भागतं. बोळा बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हातानं कान थोडा वर ओढून आत सरकवायचा, आणि तो फुगेपर्यंत बोट दाबून धरायचं. बहुतेक जण तो नुसता कानाच्या तोंडाशी खोचतात आणि मग बोळ्यांनाच नावं ठेवतात.

माझी तक्रार प्लास्टिकच्या पिशवीबद्दल आहे.

खोलीत अंधार, सात जणी झोपलेल्या, आणि आठवी येते. चांगली असते बिचारी. चवड्यांवर चालते, फोनचा उजेड हातानं झाकते. आणि मग बॅगेतून एक पिशवी काढते. ती पिशवी ती अत्यंत हळू उघडते. करकर. थांबते. सगळ्या खोलीचा श्वास रोखलेला. पुन्हा, आणखी हळू. कर… कर. बोळे घातलेल्या कानांतही तो आवाज असा घुसतो, जणू कुणी आपल्याच डोक्यात कागद चुरगळतंय. मला कैक वर्षं वाटायचं की ही बाई पुरेशी हळू उघडत नाही. मग एकदा वाचलं की हे असं का होतं, याचा भौतिकशास्त्रज्ञांनी रीतसर अभ्यास केला आहे. एरिक क्रेमर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं २००० साली दाखवून दिलं की चॉकलेटच्या कागदाची करकर सलग नसतेच. त्या सुट्या सुट्या टिचक्या असतात. कागदावरची एकेक घडी एका स्थितीतून झटक्यात दुसऱ्या स्थितीत जाते आणि त्या झटक्याची टिचकी वाजते. कागद हळू उलगडला म्हणून टिचकी लहान होत नाही. ती तेवढीच मोठी वाजते, फक्त दोन टिचक्यांमधलं अंतर वाढतं. म्हणजे आपण जितकं हळू, जितकं दुसऱ्याची काळजी घेत उघडू, तितका वेळ त्याचा छळ लांबवू. हे वाचल्यावर मी थोडा वेळ नुसती बसून होते. भलेपणाचा इतका उपयोग न होणारा दुसरा प्रकार मला तरी माहीत नाही.

तेव्हापासून मी सगळं सामान कापडी पिशव्यांत भरते. आणि डॉर्ममध्ये कान देऊन ऐकते. ऐकायला लागलं की कळतं, खोलीत शांतता आहे म्हणजे कुणीतरी ती करतंय. एक जण चेन दात मोजत उघडते आहे. एक जण शिंक उशीत दाबते आहे. वरच्या बंकवरची पाणी पिण्यासाठी उतरायचं का नाही याचा विचार करत पडली आहे, मला खालून तिची ती चुळबुळ कळते, आणि शेवटी ती उतरत नाही. या शहरात शांतता विकत घ्यायची तर दहापट पैसे मोजावे लागतात. आम्ही आठ जणी ती रोज रात्री हातानं बनवतो, ओबडधोबड. मधूनच कुणाचा तरी फोन थरथरतो आणि ती फुटते, मग पुन्हा पहिल्यापासून.

झोप लागत नाही अशा वेळी मला शिर्मान मास्तर आठवतात. रिशार्ड शिर्मान, जर्मनीतले शाळामास्तर. २६ ऑगस्ट १९०९ रोजी ते आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला निघालेले असताना मोठं वादळ झालं. रात्रीपुरता आसरा मिळाला तो एका खेड्यातल्या शाळेत. बाकं बाजूला सारून वर्गात पेंढा पसरला. मुलं झोपली, पण मास्तरांना झोप लागेना. बाहेर विजा कडाडत होत्या आणि हे पडल्या पडल्या विचार करत होते की सुट्टीत गावोगावच्या शाळा अशा रिकाम्याच असतात. त्या चालत फिरणाऱ्या मुलांना मुक्कामाला का देऊ नयेत? त्यातून पुढे १९१२ साली जर्मनीतल्याच आल्टेना गावच्या किल्ल्यात पहिलं कायमचं युवा हॉस्टेल उघडलं. तिथल्या जुन्या झोपण्याच्या खोल्या आता संग्रहालय म्हणून जपल्या आहेत. १९३२ साली तर ॲम्स्टरडॅममध्ये वेगवेगळ्या देशांच्या हॉस्टेल संघटना एकत्र येऊन त्यांचा आंतरराष्ट्रीय संघही झाला. सुरुवातीच्या हॉस्टेलांत शिस्त कडक होती. ठरल्या वेळी दिवे बंद, दिवसभर दार बंद, आणि निघताना केर काढण्यासारखं एखादं काम करून जायचं. जर्मनीच्या बवेरिया राज्यात तर बरीच वर्षं २६ वर्षांपुढच्या एकट्यादुकट्या प्रवाशाला हॉस्टेलमध्ये सहसा जागाच मिळत नसे. त्या हिशेबानं माझी पाळी कधीच संपली होती. पण मला या सगळ्यात आवडतं ते एवढंच, की जगभरच्या या डॉर्मांचा उगम एका अशा माणसापाशी आहे ज्याला डॉर्ममध्ये झोप लागली नाही. पेंढा प्लास्टिकपेक्षा कमी वाजतो की जास्त, हे मात्र त्यांनाच ठाऊक.

गेल्या खेपेची गोष्ट. विमान सकाळी सातचं, म्हणजे पहाटे चारला निघणं आलं. पहाटे चारला निघणारी बाई ही डॉर्मची शत्रू नंबर एक, हे मला पुरतं ठाऊक असल्यानं मी आदल्या संध्याकाळीच तयारी केली. बॅग भरून दाराशी. घालायचे कपडे उशीखाली. गजर बंद, घड्याळ मनगटावर थरथरण्यावर. मला मिळाला होता वरचा बंक. शिडीची वरून तिसरी पायरी वाजते हे दुसऱ्याच रात्री कळलं होतं, ती वगळून उतरायचा सरावही केला. लॉकरचं कुलूप मुठीत धरून, आवाज आतल्या आत जिरवत उघडलं. सगळं असं जमून आलं की मला माझा अभिमान वाटला.

आणि मग आठवलं की थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची असते. गोळ्या लॉकरच्या तळाशी, औषधांच्या दुकानानं दिलेल्या पातळ, करकरीत पिशवीत. कापडी पिशव्यांच्या माझ्या सगळ्या व्यवस्थेतून निसटलेली ती एकच.

अंधारात ती पिशवी हातात धरून मी उभी राहिले. हळू उघडण्यात अर्थ नाही हे मला शास्त्रासकट माहीत होतं. झटक्यात फाडण्याची छाती होईना. शेवटी ती तशीच पोटाशी आवळली आणि दाराकडे निघाले. तर पावलागणिक ती वाजू लागली. चार पावलं झाली असतील, खालच्या एका बंकचा पडदा हलला. मी जागच्या जागी थिजले. आता शिवी येणार, कुठल्या भाषेत एवढाच प्रश्न. पडद्यातून एक हात बाहेर आला, त्यात फोन. फोनचा उजेड लागला, जमिनीकडे वळला, आणि माझ्या पायांपासून दारापर्यंत सरकत गेला. मधे कुणाचे तरी बूट पडले होते, त्यांच्यावर जरा थांबला. मी बूट ओलांडले. दाराच्या मुठीला हात लागताच उजेड विझला आणि पडदा बंद झाला. चेहरा काही दिसला नाही. आठवड्याभरात त्या बंकवर कोण झोपतं हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

बाहेर व्हरांड्यातल्या दिव्याखाली मी पिशवी बिनधास्त टराटरा फाडली. आत डोकेदुखीचा बाम निघाला, औषधांचं जुनं बिल निघालं, आणि एक रिकामी पट्टी. गोळ्या माझ्या कोटाच्या खिशात होत्या. रात्री आठवणीनं ठेवल्या होत्या, पहाटे त्रास नको म्हणून.