कुकर, कोबी आणि अटलांटिक

शिडाच्या बोटीने महासागर ओलांडून आलो म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न वादळाचा असतो, दुसरा शार्कचा. भांडी कोण घासत होतं, हे अजून एकानेही विचारलेलं नाही, आणि मला नेमकं त्याचंच उत्तर द्यायचंय. कारण अटलांटिकवरचा माझा बहुतेक वेळ भांडी, कांदे, ओले टॉवेल आणि पाण्याचा हिशेब यांत गेला. संसाराला कंटाळून समुद्रावर पळणाऱ्या माणसांची मला आता कीव येते. बिचारे दुप्पट संसार करायला निघालेले असतात, आणि तोही तिरका.

बोट माझ्या कॉलेजमधल्या मित्राची. तो आणि वहिनी बरीच वर्षं इंग्लंडात आहेत. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी अडतीस फुटी जुनी बोट घेतली आणि कॅनरी बेटांवरून कॅरिबियनला जाताना रात्रपाळीला तिसरं माणूस हवं म्हणून मला बोलावलं. वाट जुनीच आहे. १४९२मध्ये कोलंबसही याच बेटांपैकी ला गोमेरावर शेवटचं पाणी भरून पश्चिमेला निघाला होता. कॅनरीतल्या लास पाल्मासहून कॅरिबियनमधलं सेंट लुशिया सुमारे २,७०० सागरी मैल. ताशी पाच-सहा मैलांनी, म्हणजे सायकलच्या वेगाने, तीन आठवड्यांच्या आसपास लागतात. नोव्हेंबर सरता सरता निघायचं, कारण तोवर पलीकडचा चक्रीवादळांचा मोसम आटोपत येतो आणि ईशान्येचे व्यापारी वारे नेमाने वाहू लागतात. शाळेत दोन मार्कांसाठी पाठ केलेले हे वारे पाठीशी घेऊन निघालं की फार ऐट वाटते. पुस्तकात एवढंच सांगत नाहीत की वारा मागून असला की बोट पुढे जाता जाता डावी-उजवीकडे लोळत राहते. दिवसरात्र. जेवतानाही. दात घासतानाही.

निघायच्या आधीचा आठवडा वहिनींच्या वहीचा. पुठ्ठ्याचं एकही खोकं त्यांनी बोटीत येऊ दिलं नाही. पुठ्ठ्याच्या पदरांत झुरळांची अंडी असतात, आणि समुद्रात एकदा झुरळं झाली की ती तुमच्याबरोबर अमेरिकेलाच उतरणार. सगळी खरेदी धक्क्यावर उघडायची, फळं-भाज्या धुऊन वाळवायच्या, मग आत. डबाबंद वस्तूंवरचे कागद सोलून काढायचे, कारण बोटीच्या तळाशी थोडं पाणी साचतंच. कागद तिथे सुटतात आणि जाऊन पंपात बसतात. मग प्रत्येक डब्यावर मार्करने नाव. वहिनींनी ती मराठीत आणि घाईत लिहिली. ‘चणे’ आणि ‘चेरी’ यांतला फरक आमटीला फोडणी बसल्यावर कळावा, इतकी घाई होती.

अंडी फ्रिजमध्ये न ठेवलेली, न धुतलेली निवडून घ्यायची आणि रोज उलटायची. केळ्यांचा घड मागच्या बाजूला टांगला होता. जुने दर्यावर्दी केळी अपशकुनी मानतात, तसलं मी काही मानत नाही. पण एका सकाळी अख्खा घड एकदम पिकला आणि आम्ही नाश्त्याला शिकरण, दुपारी शिकरण आणि रात्री केळ्याची कोशिंबीर खाल्ली, तेव्हा जुन्या लोकांचं म्हणणं जरा समजलं.

खरा गुणी तो कोबी. घरी मी त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही. बोटीत मात्र काकड्या गळल्या, टोमॅटो गेले, कोथिंबिरीचं तर नावच नको, आणि कोबी आपला जाळीत शांत बसून होता. सुरी लावायची नाही, वरची पानं हाताने काढत जायची, की आतला गड्डा आठवडेच्या आठवडे टिकतो. कोबीची भाजी, कोबीची भजी, कोबी घातलेला भात. मित्र एकदा म्हणाला, “आज वेगळं काहीतरी कर ना.” वहिनींनी कोबी उभा चिरला.

स्वयंपाकघर म्हणजे दोन माणसं एकावेळी वळू शकणार नाहीत अशी जागा. शेगडी बिजागरीवर टांगलेली, त्यामुळे बोट कितीही कलली तरी ती सरळ राहते आणि आपण कलतो. पहिल्यांदा बघताना असं वाटतं की शेगडीच डोलतेय. ती पकडून स्थिर करायचा मोह होतो. तो आवरावा. उकळत्या पातेल्यावर भरवसा नसतोच, म्हणून सगळी भिस्त कुकरवर. हे आमचं देशी वेड नव्हे, लांब पल्ल्याला जाणारे गोरे दर्यावर्दीही कुकरची शपथ घेतात. गॅस कमी लागतो, आणि झाकण घट्ट बसतं म्हणून आडवा झाला तरी आमटी आतच राहते. भात शिजवताना दोन भाग गोडं पाणी आणि एक भाग समुद्राचं. मीठ वेगळं घालायचं कामच नाही. कुठल्याही किनाऱ्यापासून हजार मैलांवर कुकरची तिसरी शिटी झाली आणि आम्ही तिघंही एकाच वेळी “बंद कर!” असं ओरडलो. सवयीपुढे अटलांटिकचं काही चालत नाही.

पाण्याचा हिशेब मात्र कडक. टाकीत तीनशे लिटर, आणि माणशी रोजचे तीन-चार. त्यातच पिणं, चहा, स्वयंपाक. खारं पाणी गोडं करणारं यंत्र होतं, पण यंत्रावर विसंबून कोणी टाकी रिकामी करत नाही. भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची, त्यासाठी पायाने दाबायचा पंप होता. एका हाताने कठडा धरायचा, दुसऱ्या हाताने घासायचं, एका पायाने पंप मारायचा आणि उरलेल्या पायावर उभं राहायचं. आंघोळ मागच्या डेकवर बादलीने. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, शॅम्पूला येतो, म्हणून डोक्यापासून पायापर्यंत शॅम्पू, आणि शेवटी लिटरभर गोडं पाणी जपून. ते लिटरभर पाणी पुरवायची कला अवगत झाली की माणूस स्वतःवर बेहद्द खूश होतो. कपड्यांतलं मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं, त्यामुळे टॉवेल कधीच पुरता वाळत नाही. या विषयावर आमच्यात संपूर्ण एकमत होतं.

पाळ्या तीन तासांच्या. सुकाणू धरायला माणूस लागत नव्हता. मागे वाऱ्याच्या अंदाजाने बोट वळवणारं एक पातं बसवलं होतं, त्याला वीज लागत नाही की चहा. त्याचं नाव आम्ही दामू ठेवलं. दामूच्या सुकाणूत पिवळं शेवाळ अडकलं की तेवढं काठीने सोडवायचं. बाकी आपलं काम क्षितिजावर दिवा दिसतोय का, काळा ढग येतोय का, आणि ढग आलाच तर तो पोचायच्या आधी शीड आखडायचं. रात्री कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीत, पाऊल टाकण्याआधी कंबरेचा पट्टा दोराला अडकवायचा, या नियमाला लघुशंकेचीही सूट नाही.

आता वाद. पश्चिमेला दर पंधरा रेखांशांना घड्याळ तासभर मागे घ्यावं लागतं. तो जास्तीचा तास कोणाच्या पाळीत टाकायचा? एरवी समंजस असलेला माझा मित्र यावर असा हटून बसला की विचारू नका. अखेर वहिनींनी निकाल दिला, की तो तास संध्याकाळच्या चहाला जोडायचा. त्या दिवशी चहाबरोबर चिवडा मिळाला.

झोप लागते, पण आवाज झोपू देत नाहीत. लाटांच्या, दोरांच्या, लाकडाच्या आवाजाची कानाला सवय होते. छळतो तो बारीक आवाज. एका रात्री डोक्याशी कुठेतरी टिक्, मग थोडं थांबून टिक्-टिक्. उठलो, कपाट उघडलं, तर थांबला. बंद केलं, की सुरू. बॅटरी तोंडात धरून एकेक बरणी दाबून पाहिली. मेतकुटाची बरणी हळदीच्या बाटलीला हळूच धक्का देत होती. मधे मोजा कोंबला. माझे सगळे मोजे असे मसाल्यांत गेले, आणि उतरताना ते परत मिळाले तेव्हा त्यांना एक प्रकारचा दर्जा आला होता.

सकाळी डेकवर फेरी. रात्री येऊन पडलेले उडते मासे गोळा करायचे (वहिनी तळायच्या, काटे फार), दोर कुठे घासतोय का पाहायचं. आणि कधी डेकवर एखादी खिळ्याएवढी स्टीलची पिन पडलेली दिसते. ती वरून कुठूनतरी निसटलेली असते. वर म्हणजे डोलकाठी, आणि डोलकाठीवर सगळा प्रवास. मग दिवसभर मान वर करून दुर्बीण लावायची. भीती म्हणतात ती समुद्रात मला लाटांची वाटली नाही, त्या पिनेची वाटली.

एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा पहिल्यांदा केली ती जोशुआ स्लोकमने, १८९५ ते १८९८. बोट ‘स्प्रे’, ३६ फूट ९ इंच. त्याला पोहता येत नव्हतं. घड्याळ होतं एक डॉलरचं, पत्र्याचं. त्याचा मिनिटकाटा पुढे पडला, तर याने घड्याळ उकळून घेतलं आणि ते तासकाट्यावर चालू राहिलं. सेंट हेलेनाला कोणीतरी त्याला बकरी भेट दिली, तिने वेस्ट इंडिजचा नकाशा खाऊन टाकला. असेन्शन बेटावर बकरीला उतरवून तो नकाशाविना पुढे गेला. माझ्या मते पराक्रमापेक्षा बकरी मोठी, कारण तिथे मला तो माणूस ओळखीचा वाटतो.

आपल्याकडचंही तेच कुतूहल राहून गेलंय. गोव्यात दिवार बेटावर बांधलेली ‘म्हादेई’ ही शिडाची बोट घेऊन नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१०मध्ये एकटे जगाला फेरी मारून आले, वाटेत चार थांबे घेऊन. मग त्याच बोटीतून अभिलाष टॉमी २०१२-१३मध्ये कुठेही न थांबता. २०१७-१८मध्ये ‘तारिणी’वर नौदलाच्या सहा जणी. बातम्यांत दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न होतं, वारा होता, लाटांची उंची होती. मला विचारायचंय, टॉमींचे कांदे कितव्या आठवड्यात संपले? आणि पंचावन्न-छप्पन फुटांत सहा जणींनी ओले टॉवेल टांगले कुठे?

मित्राच्या डोक्यात आता पॅसिफिक आहे. पनामा कालव्यातून गालापागोस, आणि तिथून मार्केसास बेटं, मधे जवळजवळ तीन हजार मैल नुसतं पाणी. गालापागोसला बोटीचा तळसुद्धा स्वच्छ लागतो, शेवाळ-शिंपले दिसले तर परत समुद्रात जाऊन घासून या म्हणतात, त्यामुळे घासण्याचं काम तिथे बाहेरूनही वाढणार. वहिनींचा निरोप आलाय, “भाऊजी, या. भांडी तुमच्याकडे.” मी ताटं-वाट्या मान्य केल्या आहेत. आमटीचा कुकर मात्र मी घासणार नाही, असं कळवलंय. उत्तर अजून यायचंय.