नोंद ९: हात सुटले

उंचीची भीती घेऊन मी दगडी भिंतीवर चढायला शिकतेय, त्याच्या या नोंदी. रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास कान्हेरीच्या १४ मीटरच्या कातळभिंतीवर, अँकरच्या (वरच्या टोकाला रोप ओवलेल्या कड्याच्या) जेमतेम हातभर खाली, माझे दोन्ही हात दगडावरून सुटले. सुटले म्हणजे मी स्वतःहून सोडले. सलग चार रविवार जे जमत नव्हतं ते जमलं, म्हणून ही नोंद ताजी असतानाच लिहून काढतेय. बोटांची टोकं अजून हुळहुळताहेत.

ज्यांनी पहिल्या नोंदी वाचल्यात त्यांना हरिहर गड आठवत असेल. पायऱ्यांच्या खोबणीत बोटं घालून निम्म्यावर पोचले, एकदा खाली पाहिलं आणि तिथेच बसले. मागची सगळी रांग थांबवून, बसल्या बसल्या एकेक पायरी घसरत खाली आले होते. त्या मानाने चढण्याची भीती पावसाळ्यात, इनडोअर वॉलवरच, बरीच विरली. त्याचं कारण मला आता कळतं. उंचावर उभं राहिलं की जवळची स्थिर वस्तू नजरेच्या टप्प्यात उरत नाही. शरीर किंचित डोलतं, पण समोरचं सगळं इतकं लांब असतं की डोळ्यांना तो डोल जाणवतच नाही, आणि तोल सांभाळायचा एक आधार जातो. चढताना मात्र दगड नाकासमोर असतो. माझ्या भिंतीवर सात-आठ मीटरवर बटाट्याएवढा एक होल्ड (हाताने धरायचा उंचवटा) आहे, त्याच्या पोटाशी राखाडी दगडफूल आहे आणि त्यावरून कायम काळ्या मुंग्यांची रांग जाते. मी तिथे पोचले की मुंग्या बघते, श्वास सोडते आणि पुढे जाते. पाय शिलाई मशीनसारखा उडायला लागला की टाच खाली सोडते. पोटरीवरचा ताण उतरतो आणि पाय थांबतो. हे सगळं जमलंय.

अडत होतं ते वर गेल्यावर. टॉप रोपवर, म्हणजे वरच्या अँकरमधून ओवून खाली आलेल्या रोपवर, अँकरपर्यंत पोचायचं, 'टेक' (रोप ताणून धर) म्हणायचं, हार्नेसमध्ये (कमरेच्या पट्ट्यात) बसायचं, मागे रेलायचं आणि बिलेयर (खालून रोप धरणारा) सोडेल तसं भिंतीवरून चालत खाली यायचं. बाकीच्यांना यात विचार करण्यासारखं काही वाटतच नाही. मी पहिल्या रविवारी वर पोचले आणि बावीस मिनिटं भिंतीला चिकटून राहिले. खालून बिले देणारी आमच्या ग्रुपमधली कॉलेजची मुलगी शांतपणे सांगत होती, "ताई, बसा. रोप टाइट आहे. तुम्ही फक्त बसा." डोक्याला सगळं पटत होतं. आठाची गाठ आम्ही दोघींनी तपासली होती, कॅराबिनर (रोप अडकवायची धातूची कडी) लॉक होता, तो २२ किलोन्यूटन भार पेलतो हे मला पाठ आहे. पण बोटं ऐकत नव्हती. शेवटी होल्ड शोधत शोधत खाली उतरले, गुडघा सोलवटून घेतला.

दुसऱ्या रविवारी सरांनी सोपा उपाय दिला: जमिनीपासून मीटर-दीड मीटरवर बसायचा सराव कर, मग तीनवर, मग पाचवर. ऐकायला अगदी बरोबर वाटतं, आणि नेमकं तिथेच माझं बिनसलं. दीड मीटरवर बसले तर रोप ताणत ताणत मी थेट जमिनीला टेकले. तीन मीटरवर बसले तर कमरेतून धस्सकन खाली गेले, पोटात गोळा आला. मनाने हिशेब केला: तीन मीटरवर एवढं खाली जातोय, तर चौदावर काय होईल? तिसरा रविवार त्या हिशेबातच गेला. चौथ्या रविवारी मी निम्म्यावरूनच परत फिरले.

मग घरी रोपचं लेबल काढून वाचलं. ९.८ मिमीचा डायनॅमिक (ताणला जाणारा) रोप, ८० किलो वजनाला ताण साडेसात टक्के. हा ताण मोकळ्या रोपच्या लांबीवर असतो, जमिनीपासूनच्या माझ्या उंचीशी त्याचा संबंध नाही. तीन मीटरवर असताना बिलेयरपासून अँकरपर्यंत १४ मीटर आणि अँकरपासून माझ्यापर्यंत ११, म्हणजे २५ मीटर रोप ताणला जातो. माझ्या ६० किलोला साधारण १ मीटर ४० सेंटिमीटर. आणि अँकरशी असताना? फक्त बिलेयरकडचे १४ मीटर. ताण ८० सेंटिमीटरच्या आत, अँकरवरच्या घर्षणामुळे त्याहूनही कमी. म्हणजे मी जिथे सर्वांत जास्त घाबरत होते तिथे रोप सर्वांत कमी देतो! वहीच्या पानावर ही भिंत काढली, दोन्ही आकडे शेजारी लिहिले आणि बराच वेळ नुसती बघत बसले. एकीने सुचवलं होतं की टॉप रोपला स्टॅटिक (जवळपास न ताणणारा) रोप लाव, ताणाचा प्रश्नच मिटेल. पण पुढे लीड (रोप खालून स्वतःसोबत नेत चढणं) करायचंय, तिथे डायनॅमिकशिवाय गत्यंतर नाही. मग त्याची ओळख आत्ताच झालेली बरी.

दुसरी गोष्ट बिले डिव्हाइसची, म्हणजे बिलेयर ज्यातून रोप धरतो त्या साधनाची. ग्रिग्रीबद्दल (झटका बसला की रोप आपोआप अडवणाऱ्या, लिव्हरवाल्या साधनाबद्दल) माझं मत पक्कं झालंय: चढणाऱ्याला निर्धास्त वाटतं, पण उतरवणारा हात सरावाचा हवा. नवख्या हातात लिव्हर एकदम ओढला जातो, रोप सपकन सुटतो, घाबरून लिव्हर सोडला की गचका बसतो. एका जिममध्ये मला असे लागोपाठ तीन गचके बसले होते, माझ्या भीतीचा मोठा वाटा तिथला असावा. एटीसीने (लिव्हर नसलेल्या साध्या साधनाने) उतरवणं जास्त मऊ असतं, तरी मी ग्रिग्रीच ठेवला आणि बिलेयरकडून आधी झाडाला रोप लावून, दगडांनी भरलेली सॅक वर-खाली करून घेतली. तिने कंटाळा न करता वीसेक वेळा केलं. तिचे आभार मानावे तितके थोडे.

रविवारी वर पोचले. अँकरच्या स्टीलच्या कड्यावर नजर रोवली. पाय खांद्याइतके फाकवले, जरा वर घेतले. आधी डावा हात रोपवर नेला. मग उजवा. 'टेक' म्हटलं आणि बसले. तळहाताएवढी खाली गेले, फार तर वीतभर, आणि थांबले. इतकंच! मागे रेलल्यावर बुटांचा रबर दगडाला असा चिकटला की मला तो आवाजासकट आठवतोय. भिंतीला मिठी मारली की पाय घसरतात, अंग लांब नेलं की पाय धरतात. हे शंभर वेळा ऐकलं होतं, पायांना कळलं ते आत्ता. खाली आल्यावर लगेच पुन्हा चढले. एकूण तीन वेळा. तिसऱ्या वेळी मुंग्यांपाशी थांबवून घेतलं, दोन्ही हात आडवे पसरले आणि पलीकडचं जंगल बघितलं. हिरवं आणि मधूनमधून करडं. चक्कर आली नाही.

बुटांवरून एक सांगते. एका दुकानदाराने सिंथेटिकचे बूट दोन नंबर लहान दिले होते, 'ताणतील' म्हणून. चामड्याचे ताणतात, सिंथेटिक जवळपास ताणत नाहीत. बोटं दुखत असतील तर पायांवर विश्वास बसणं कठीण, आणि पायांवर विश्वास नसेल तर हात सुटायचे कसे? आता सिमाँडचे साधे, सपाट तळव्याचे बूट घेतलेत, नेहमीच्या मापाहून अर्धा नंबर कमी. पहिल्या वर्षाला याहून महाग काही घेऊ नका.

पुढचा बेत तैलबैलाच्या कातळभिंतीचा होता, डिसेंबरअखेर. पण हे लिहिता लिहिता वेगळंच लक्षात येतंय. माझे हात अडकत होते ते ब्रेक दुसऱ्याच्या हातात असताना. ब्रेक माझ्याच हातात असेल तर? रॅपलिंगमध्ये (रोपवरून स्वतःच खाली उतरण्यात) वेग मी ठरवणार, थांबायचं मी ठरवणार. शिवाय तिथे कड्यावरून पाठमोरं बाहेर रेलावं लागतं, म्हणजे भीतीचं ते टोकही तपासलं जाईल. तेव्हा तैलबैला जानेवारीत ढकलते. जाण्यापूर्वी तिथली आग्या मोहोळं कुठे आहेत हेही आधी जाऊन आलेल्यांकडून विचारून घेईन. त्या बाबतीत मला जराही धोका पत्करायचा नाही. पुढचे दोन रविवार याच १४ मीटरवर, ऑटोब्लॉक (रोपभोवती वेढे घातलेला, हात सुटला तरी धरणारा दोरीचा फास) लावून रॅपल.

त्यासाठी ६ मिमीची दोरी घेतली आणि काल रात्री सरांकडून आणलेला १०.५ मिमीचा स्टॅटिक खिडकीच्या ग्रिलला बांधून बघितला. फास लेग लूपला अडकवला, गुडघे वाकवून वजन टाकलं. तीन वेढ्यांत हळूहळू घसरला. चौथा वेढा घातल्यावर गच्च धरला, मग दोन्ही हात सोडून तशीच थोडा वेळ लोंबकळत राहिले.